हौसाचा दुखवटा

कमळाकर म्हात्रेची भाताची गिरणी पनवेलला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. बाप मिठागरावर राबलेला, पण मुलाला त्याने मॅट्रिकपर्यंत शिकवलं आणि मुलाने त्याचं चीज केलं. पस्तिशीच्या आत स्वतःची गिरणी, दोन मजली घर, अंगात कडक इस्त्रीचे कपडे. बोलणंही त्याने बदलून घेतलं होतं. बाजारात त्याच्या तोंडून 'नाय' म्हणून कोणी ऐकलं नाही. बायको मात्र चिरनेरची. हौसा तिकडच्यासारखंच बोलायची, गुडघ्यापर्यंत काष्टा घालून लुगडं नेसायची, आणि गिरणी नवी असताना हमाल परवडत नव्हते तेव्हा भाताची पोती तिनेच पाठीवरून आत नेली होती. त्या दिवसांबद्दल कमळाकर कोणाशी बोलत नसे. हौसा बोलायची, आणि हसत बोलायची.

सत्तावन्न साली मुंबईत भातगिरणीवाल्यांची मोठी परिषद भरली. बोरीबंदरजवळच्या एका बड्या हॉटेलात तीन दिवस राहणं, जेवणं, भाषणं. परिषदेचे अध्यक्ष कोठारे साहेब. गिरणीची यंत्रं विलायतेहून आणून विकण्याचा त्यांचा धंदा होता, आणि कुलाबा जिल्ह्यासाठी त्यांना एक एजंट नेमायचा होता. ती एजन्सी मिळाली की अलिबागपासून कर्जतपर्यंतचा प्रत्येक गिरणीवाला आपल्या दारात येईल, हे कमळाकरला दिसत होतं. आमंत्रण सपत्नीक होतं. त्याने फोनवर कोठारेंना कळवून टाकलं की मी मिसेसना घेऊन येतो.

मग तो हौसाच्या तयारीला लागला. तिला गोल पातळ नेसायला लावलं, सँडल आणून दिल्या, कोणाशी काय बोलायचं ते पढवलं. हौसाला त्याची मजा वाटली. आरशासमोर उभं राहून ती 'नाही, आहे' असं घोकायची आणि मध्येच हसत सुटायची.

पण ठाण्यावरून जाणारी ती एस. टी. आणि तो रस्ता. मुंब्र्याच्या वळणांवर हौसाला उलट्या सुरू झाल्या आणि नवं पातळ सगळं खराब झालं. ठाण्याच्या स्टँडवर ती बायकांच्या आडोशाला गेली आणि पिशवीत सवयीने घेतलेलं लुगडं नेसून आली. सँडल चावत होत्या, त्या हातात. कमळाकर तिच्याकडे बघत राहिला, पण दुसरा उपाय नव्हता.

अशी ती दोघं हॉटेलच्या मोठ्या दालनात शिरली. गालिच्यावर पाय ठेवायला हौसा बिचकली आणि कडेकडेने, उघड्या फरशीवरून चालू लागली. तेवढ्यात समोरून कोठारे साहेब आले, सोबत त्यांची बायको आणि दोन-चार गुजराती व्यापारी. कोठारेंनी हात मिळवला आणि मिसेस कुठे आहेत म्हणून विचारलं.

कमळाकरने मागे वळून पाहिलं नाही. तो म्हणाला, "ऐनवेळी तिला ताप आला, येऊ शकली नाही. ही आमच्या घरी कामाला असते. मला पथ्याचं खाणं लागतं, म्हणून बरोबर आणली."

हौसाने ते ऐकलं. आधी तिला वाटलं, दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय. मग सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिला समजलं.

कोठारेबाईंची नजर हौसाच्या गळ्यावरून, पाटल्यांवरून, नाकातल्या नथीवरून सावकाश फिरली. त्या नवऱ्याकडे बघून किंचित हसल्या. कोठारेंनी हॉटेलच्या माणसाला बोलावून सांगितलं की साहेबांची बाई मागे नोकरांच्या खोल्यांत राहील, तिची सोय करा. कमळाकर आता काहीतरी म्हणेल म्हणून हौसा थांबली. तो म्हणाला, "जा त्यांच्याबरोबर."

थोड्या वेळाने तो मागच्या बाजूला आला आणि नळाजवळ तिला हलक्या आवाजात समजावू लागला. तोंडून निघून गेलं, आता फिरवता येत नाही, एजन्सी हातची जाईल. तीन दिवसांचा प्रश्न आहे. घरी गेल्यावर हातात सोन्याचे गोठ घडवतो. मंगळसूत्र तेवढं चोळीच्या आत सरकव.

हौसाने मंगळसूत्र आत सरकवलं. "तुमी जेवलाव?" एवढंच तिने विचारलं.

मागच्या खोल्यांत पाहुण्यांच्या आया आणि नोकर असत. कोठारेंची आया गुणाबाई तिथेच होती. तिने हौसाला चटई दिली, भात वाढला आणि काही विचारलं नाही. पण संध्याकाळभर हौसा दाराकडे बघत होती, ते तिने पाहिलं. कमळाकर पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी कोठारेबाईंनी निरोप पाठवला की म्हात्र्यांची बाई जरा पाय दाबायला द्या. कमळाकरने 'हो, हो, अवश्य' म्हटलं. हौसा वर गेली. खोलीत आणखी दोन बायका बसल्या होत्या. पोती वाहिलेल्या हातांनी हौसा पाय दाबू लागली आणि बाई गप्पा मारू लागल्या. मालकीण कशी आहे तुझी? दिसायला बरी आहे का? मालकांचं तिच्यावर प्रेम आहे? खोलीत कोणी हसू आवरत होतं. हौसा मान खाली घालून हं, हं करत राहिली.

"अगं, बोल ना. ताप उतरला का तिचा?"

हौसाचे हात थांबले. ती म्हणाली, "मालकीण नाय आता. मेली ती."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग बाई हसल्या आणि म्हणाल्या की बरं झालं सांगितलंस, साहेबांच्या कानावर घालायला हवं.

त्या रात्री परिषदेची मेजवानी होती. कोठारेबाईंनी हौसाला आपली शाल सांभाळायला खुर्चीमागे उभं केलं होतं. समोरच्या टेबलावर कमळाकर बसला होता आणि तिच्याकडे बघायचं टाळत होता. जेवण सुरू व्हायच्या आधी कोठारे उठले. त्यांनी चमचा पेल्यावर वाजवला आणि गंभीर आवाजात सांगितलं की आपले पनवेलचे सन्मित्र म्हात्रे यांच्या पत्नीचं निधन झाल्याचं मला आजच कळलं. म्हात्रे इतके सोशिक की त्यांनी कोणालाही कळू दिलं नाही.

"खरं आहे ना, म्हात्रे?" त्यांनी विचारलं.

सगळं दालन त्याच्याकडे बघत होतं. कमळाकरने एकदाच वर पाहिलं. शाल हातावर घेऊन हौसा त्याच्याकडेच बघत होती. तिने डोळे हलवले नाहीत. आता त्याने नाही म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. तो नाही म्हणाला असता तर झालं गेलं सगळं ती तिथेच विसरली असती.

"हो," कमळाकर म्हणाला. "खरं आहे."

कोठारेंनी सर्वांना दोन मिनिटं उभं राहण्याची विनंती केली. खुर्च्या सरकल्या, शे-दीडशे माणसं उठली, वेटरसुद्धा ताटं घेऊन थांबले. कमळाकरने मान खाली घातली. कोठारेबाईंनी तोंडाला रुमाल लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. हौसा उभीच होती, तिला वेगळं उठायचं नव्हतं. आपल्यासाठी उभी राहिलेली ती सगळी माणसं तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहून घेतली. मग जेवण सुरू झालं.

सकाळी कोठारेंनी कमळाकरला खोलीवर बोलावलं आणि एजन्सीचे कागद पुढे ठेवले. त्याने सही करायला पेन उचललं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मोलकरणीच्या अंगावर एवढं सोनं नसतं, म्हात्रे. आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही कुठवर जाता ते बघायचं होतं. आता माझी खात्री पटली. माझा शब्द तुम्ही कधी मोडणार नाही."

कमळाकरने कागदावरून नजर उचलली. पण पेन त्याच्या हातात होतं आणि कागद समोर होता. त्याने सही केली.

तो खाली आला तेव्हा हौसा नव्हती. गुणाबाईने सांगितलं की ती पहाटेच गेली, सोन्यातलं काही काढून ठेवलं नाही, की कोणाला निरोप दिला नाही. ती पनवेलला उतरली आणि घरी न जाता उरणची गाडी धरून चिरनेरला भावाकडे गेली. भाऊ शिवा दुसऱ्या दिवशी पनवेलला येऊन कमळाकरला विचारू लागला की झालं काय, बहीण तोंड उघडत नाही. कमळाकरने सांगितलं, किरकोळ रुसवा आहे, येईल आपोआप. ती आली नाही.

एजन्सी जोरात चालली. गिरणीशेजारी यंत्रांचं दुकान झालं, दारात जीप आली. पुढच्या वर्षी परिषद त्याच हॉटेलात भरली आणि मेजवानीच्या टेबलावर कोठारेंनी नव्या पाहुण्यांना ती सगळी गोष्ट रंगवून सांगितली. गालिचा सोडून चालणारी बाई, पाय दाबणं, दुखवटा. कमळाकर तिथेच बसला होता. माणसं पोट धरून हसली. कोठारेंनी त्याच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा कमळाकरही हसला. आपलं हसणं त्याला स्वतःला ऐकू आलं.

तिथून परतल्यावर तो जीप घेऊन चिरनेरला गेला. शिवाच्या ओटीवर बसला. हौसा भात पाखडत होती, ती सुपातून नजर न काढता पाखडत राहिली. कमळाकर म्हणाला, चल घरी. तिने सुपात आणखी भात घेतला. मग त्याने शिवाला, भावजयीला, शेजारच्यांनाही बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. दालनात काय म्हणालो ते, नळाजवळचं, मेजवानीतलं 'हो'. सांगताना त्याची बाजारातली भाषा गळून पडली. "मना माफ कर," म्हणून तो बायकामाणसांसमोर रडला.

हौसाने सगळं ऐकलं. सूप बाजूला ठेवलं.

"झालं सांगून?" ती म्हणाली.

"हो."

"मंग जा."

तिने हंडा कमरेवर घेतला आणि ती विहिरीकडे गेली. शेजारची माणसं एकेक करून उठली. शिवाने त्याला चहा विचारला नाही. कमळाकर ओटीवर बसून राहिला. हौसा पाण्याची खेप घेऊन आली, त्याच्या समोरून आत गेली, परत बाहेर आली, पुन्हा गेली. ऊन उतरलं तेव्हा भावजय केरसुणी घेऊन ओटीवर आली आणि त्याला पाय उचलायला सांगून झाडू लागली.