पूर्व म्हणजे कुठे

धाकटी आमच्या नियंत्रण कक्षात कामाला आली, तेव्हा तिला शिकवायचं काम मास्तरांनी माझ्याकडेच दिलं. मास्तर म्हणजे आमचे साहेब. पूर्वी कुठेतरी गणित शिकवायचे, म्हणून हे नाव. "घरातलीच आहे, तुम्हाला सोपं जाईल," ते म्हणाले.

घरातलीच होती हे खरं. माझ्या दिराची बायको. एका ओट्यावर आम्ही दोघी जावा स्वयंपाक करायचो आणि एकाच बसने कामाला जायचो. सोपं मात्र काही गेलं नाही.

तेरा वर्षं मी एक उपग्रह सांभाळत होते. खोलीत त्याला सगळे आजोबा म्हणत. बारा वर्षं चालेल म्हणून पाठवलेला, पंधरावं लागलं तरी चालू होता. वादळाची छायाचित्रं, खोल समुद्रातल्या होड्यांना इशारे, डोंगरापलीकडच्या दवाखान्यांची मोठ्या डॉक्टरांशी बोलणी, आणि आमच्या सासूबाईंची संध्याकाळची मालिका, सगळं त्याच्यामार्फत यायचं. तो जमिनीवरून एका जागी स्थिर दिसतो, पण स्थिर कसला? चंद्र-सूर्य त्याला सारखे ओढतात. दर पंधरा दिवसांनी इंजिनाची छोटीशी फुंकर देऊन त्याला जागेवर आणावं लागतं. उन्हाने त्याच्या सौरपट्ट्या थकल्या होत्या. सूर्यावर वादळ उठलं की त्याला भ्रम व्हायचा, आपण कुठे तोंड करून उभे आहोत हेच विसरायचा. मग मी बसून त्याला हळूहळू शुद्धीवर आणायची. खोलीतले म्हणायचे, "आजोबा फक्त तुमचंच ऐकतात." मी काही बोलायची नाही, पण ते वाक्य घरी येईपर्यंत मनात घोळवायची.

मी मुळातच कमी बोलते. आवाजही लहान. कोणाविषयी वाईट बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम आहे आणि तो मी कधी मोडलेला नाही. लोक त्याला चांगुलपणा म्हणतात. बोललं नाही म्हणजे मनात नसतंच, असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

धाकटी आठ महिने माझ्या शेजारी बसून शिकली. मग नवा उपग्रह वर गेला आणि तो तिला मिळाला. खोलीने त्याचं नाव ठेवलं नवरीबाई. जागेची टंचाई वरही आहे. म्हणून नवरीबाईला आजोबांच्याच जागेत ठेवलं, पन्नास-साठ कोसांच्या एका अदृश्य पेटीत. पश्चिमेच्या कोपऱ्यात आजोबा, पूर्वेच्या कोपऱ्यात नवरीबाई. एकमेकांना धक्का लागू नये म्हणून रोज दोघांमधलं अंतर मोजायचं.

"म्हणजे तुमच्यासारखंच की," मास्तर हसून म्हणाले. "दोन जावा, एक घर!"

सगळे हसले. धाकटी सगळ्यात मोठ्याने. तिचं हसू असं, की ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. मलाही वाटायचं, आणि तेच सलायचं.

काय काय सांगू? सावलीच्या दिवसांत, उपग्रहाला ऊन मिळत नाही तेव्हा, बॅटरी जपावी लागते. आजोबांचे हीटर मी एकेक करून हाताने बंद-चालू करायची. वर्षानुवर्षं. धाकटीने दोन दुपारी बसून त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि म्हणाली, "ताई, आता तुम्ही निवांत चहा प्या." तिने मनापासून म्हटलं होतं. तो चहा मला कडू लागला.

घरीही तेच. एकदा सासूबाईंच्या टीव्हीचं चित्र गेलं. धाकटीने बाल्कनीत जाऊन छत्री जराशी वळवली आणि चित्र आलं.

"बघ गं," सासूबाई मला म्हणाल्या, "हिने दोन मिनिटांत आणलं. तू तेरा वर्षं तिकडेच बसतेस ना?"

"आई, मी वरचं बघते. बाल्कनीतलं नाही."

"वरचं बघून काय करायचं? माझी मालिका खालीच दिसते."

धाकटी हसता हसता ओट्याला टेकली. मीही हसले. रात्री पांघरुणात मात्र हिशेब मांडत राहिले, या घरात मला कोण काय कधी म्हणालं होतं.

मग ती सूचना आली. कोणाचा तरी मेलेला उपग्रह, इंधन संपून बेवारशी भरकटत होता. ज्यांचा होता त्यांनी वेळेवर त्याला वरच्या रिकाम्या कक्षेत नेऊन सोडला नव्हता. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पेटीतून तिरका जाणार होता. नवरीबाईच्या अगदी अंगावरून. तिला आणखी पूर्वेला सरकवायचं ठरलं. धाकटीने आकडेमोड केली, मास्तरांनी तपासली, बरोबर होती. दुपारी सव्वातीनला इंजिन चाळीस सेकंद पेटवायचं.

आमच्या खोलीत आज्ञा पाठवायची एक रीत आहे. एकाने कागदावरची ओळ मोठ्याने वाचायची. दुसऱ्याने तीच ओळ आपल्या पडद्यावर पाहून परत म्हणायची. वेळ, कालावधी, दिशा अशा तिन्ही ओळी झाल्या की पहिल्याने विचारायचं, "सोडू?" आणि दुसऱ्याने "सोडा" म्हटलं तरच कळ दाबायची. दुसरी मी होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे 'पूर्व' म्हणजे पूर्वेच्या अंगाचं इंजिन. जुनी सवय. नवरीबाई दुसऱ्या कारखान्यातून आलेली. तिच्या पुस्तकात 'पूर्व' म्हणजे पूर्वेकडे ढकलणं, म्हणजे पेटणार पश्चिमेच्या अंगाचं इंजिन. शब्द एकच, अर्थ बरोब्बर उलटे. हे मी वाचलं होतं. धाकटीनेही वाचलं होतं. पण हाताला वळण मी लावलं होतं, आठ महिने, "आपल्याकडे पूर्व म्हणजे पूर्वेचं इंजिन हं, विसरू नकोस" असं रोज सांगून. वरचा न्याय उलटा असतो, पूर्वेला सरकायचं तर पूर्वेचं इंजिन पेटवून पश्चिमेकडे ढकलायचं, मग वेग घटून उपग्रह खालच्या, आखूड वाटेने पुढे, पूर्वेला जातो. म्हणून त्या दिवशी पूर्वेचं इंजिन पेटवायचं होतं. म्हणजे नवरीबाईसाठी लिहायला हवं होतं 'पश्चिम'.

"वेळ, तीन पंधरा," धाकटीने वाचलं.

"वेळ, तीन पंधरा."

"कालावधी, चाळीस."

"कालावधी, चाळीस."

"दिशा, पूर्व."

मी पडद्याकडे पाहिलं. पूर्व. ती चुकली होती. नवरीबाई पूर्वेला सरकायच्या ऐवजी मधे येणार होती, त्या मेलेल्याच्या वाटेत, आणि पुढे सरकत राहिली तर आजोबांकडे.

मला ते दिसलं. लगेच दिसलं. हे मी आजवर कोणाला उलगडून सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. त्या क्षणी मनात जो उजेड पडला तो भीतीचा नव्हता. मनाने भराभर सगळं मांडूनही टाकलं. टक्कर काही होणार नाही, उद्या दुपारपर्यंत वेळ आहे, तासाभरात कोणाच्यातरी लक्षात येईल, उलटी फुंकर देता येईल. जाईल ते थोडं इंधन. आणि तिचं हसू.

आणि नियम काय सांगतो? कागदावर आहे तेच म्हणायचं, मनाचं घालायचं नाही. मी कोणाविषयी वाईट बोलतही नव्हते. माझा नेम अगदी शाबूत होता.

"दिशा, पूर्व," मी म्हटलं.

धाकटीने माझ्याकडे वळून पाहिलं. रीतीत नसलेलं एक वाक्य ती बोलली. "तुम्ही बघितलंत ना ताई? मग झालं. सोडू?"

"थांब," मी म्हटलं. पण माझा तो आवाज! मास्तर खोकत होते, पंखा घरघरत होता, तिच्या कानावर हेडफोन होते. माझे ओठ हललेले तिला दिसले. तेरा वर्षांत त्या क्षणी माझ्या ओठांतून एकच शब्द आला होता, 'सोडा'. तिने तोच ऐकला. कळ दाबली.

पडद्यावर इंजिन पेटल्याची हिरवी पट्टी आली. एक, दोन, तीन.

"बंद कर!" मी ओरडले. किती मोठ्याने ते मला नाही सांगता येणार. मास्तरांच्या हातातला पेला सांडला. "बंद कर, उलटं आहे, पश्चिम हवं होतं! बंद कर!"

तिने बंद केलं. नऊ सेकंद झाली होती.

नऊ सेकंदांची चूक निस्तरायला आणि मूळची चाल पुन्हा द्यायला तासभर गेला. ओळी लिहायच्या, वाचायच्या, परत म्हणायच्या. "दिशा, पश्चिम." "दिशा, पश्चिम. म्हणजे पूर्वेचं इंजिन." "हो. म्हणजे पूर्वेचं इंजिन." आमचे दोघींचे आवाज सारखेच कोरडे होते. दुसऱ्या दिवशी तो मेलेला उपग्रह बऱ्याच अंतरावरून निघून गेला. नवरीबाईच्या आयुष्यातलं तीन आठवड्यांचं इंधन मात्र कायमचं गेलं.

त्याच संध्याकाळी मास्तरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "चूक कोणाची?"

"माझी," धाकटी म्हणाली. "लिहिलं मी. जुन्या सवयीने."

मास्तर माझ्याकडे वळले, पण चौकशी म्हणून नव्हे, कौतुकाने. "तुमच्यामुळे वाचलो. एवढ्या घाईत तुमच्या लक्षात आलं..."

झालं! तेरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य समोर वाढलेलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात माझा हात कोण धरणार?

"माझ्या लक्षात नंतर नाही आलं," मी म्हटलं. "आधीच आलं होतं. परत म्हणायच्या आधी. मी तरीही म्हटलं."

"म्हणजे? घाबरलात का?"

"नाही. हिचं चुकावं असं वाटलं."

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. धाकटीने विचारलं, "त्या वाटेवर आजोबा होते. ते दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं."

"मग?"

मग काय, याचं माझ्याकडे जे उत्तर आहे ते फार शोभेसं नाही.

मला तीन महिने पडद्यापासून दूर केलं. आजोबाही धाकटीकडे गेले. शिक्षा योग्य होती. घरी ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. "मीठ संपलंय." "आईंच्या गोळ्या आणल्यात." ती हसायची अजूनही, पण मी खोलीत आले की हसू निम्म्यावर थांबायचं. सासूबाई म्हणाल्या, "तुम्हा दोघींत काय बिनसलंय?" आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "काही नाही." तेवढ्यापुरत्या आम्ही एक होतो.

हेवा गेला असं मी म्हणणार नाही. ती मला घरभर सांगत सुटली असती तर सोपं गेलं असतं. तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. मग मला तिच्या त्या गप्प बसण्याचाही हेवा वाटू लागला. माझ्यापेक्षा चांगलं गप्प बसायची ती.

तीन महिन्यांनी मी परत आले, तेव्हा मास्तरांनी आम्हाला एक काम दिलं. 'पूर्व' आणि 'पश्चिम' हे शब्द खोलीतून काढायचे, त्यांच्या जागी एकच अर्थ निघेल असे शब्द शोधायचे. दुपारभर आम्ही भांडल्यासारख्या बोललो. शेवटी ठरलं, इंजिनाचं नाव घ्यायचंच नाही. उपग्रह कुठे जायला हवा तेवढंच सांगायचं. पूर्वेला जायचं तर 'खिडकीकडे', पश्चिमेला तर 'दाराकडे', आमच्याच खोलीच्या खुणा. आणि दुसरीने ओळ परत म्हणायची नाही, अर्थ सांगायचा. पोपटपंची बंद. हे तिने सुचवलं. माझ्याकडे न पाहता.

ती फळ्यावर लिहायला उठली. सरळ, मोकळी, वळणदार ओळ. अक्षरही तिचंच चांगलं. छातीत ती ओळखीची कळ आली.

"अक्षर छान आहे तुझं," मी म्हटलं. या वेळी तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

तिने मागे वळून पाहिलं नाही. खडू थांबला, मग पुढे चालू लागला.

"ताई, 'खिडकीकडे' म्हणजे कुठे?" तिने विचारलं. "वाचून नका सांगू. तुम्हाला काय कळतंय ते सांगा."