कडू वाळूक पाहिजे!

जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला की लातूरला विभागीय प्रदर्शनाला जायला मिळतं. मागच्या वर्षी परीक्षक आले तेव्हा मी तक्त्यामागं लपले होते. यंदा मात्र नववीच्या अख्ख्या वर्गासमोर सांगून टाकलं, "लातूरला मीच जाणार!" सांगितलं म्हणजे आता जावंच लागणार ना?

माझा विषय वाळूक, म्हणजे आमच्याकडची गावरान काकडी. झाडाला पळता येत नाही, लाथ मारता येत नाही. मग कुणी खाऊ नये म्हणून ते अंगात कडू रस भरतं. जमीन हलकी, पाणी कमी, असे हाल झाले की जास्तच भरतं. हे दाखवायला व्यंकटकाकांच्या अर्धापूरजवळच्या शेतात आम्ही एकाच बियाण्याचे दोन वाफे लावले. एक विहिरीजवळ काळ्या रानात, दुसरा मुरमाड बांधाकडेला, त्याला आठवड्यातून एकदाच पाणी. विहिरीकडच्या वाळकांना पांढरा दोरा, मुरमाकडच्यांना लाल. तोडून आणायचं काम सिंधुकाकूंकडं. प्रदर्शनाच्या सकाळी काकू पहिल्या बसनं पिशवी घेऊन नांदेडात हजर!

परीक्षक श्रीशैल सर आले आणि मी सुटलेच. "सर, लाल दोऱ्याचं खाऊन बघा. तोंड वाकडं झालं नाही तर मनस्विनी नाव लावणार नाही!"

सरांनी खाल्लं. तोंड सरळच.

"गोड आहे."

दुसरं दिलं. तेही गोड. तिसऱ्याला ते म्हणाले, "मीठ आहे का?"

मी टेबलावरची वाळकं उलटसुलट करून पाहिली. मग दिसलं, प्रत्येक वाळकाची देठाकडची चकती कापलेली! मागं काकू समाधानानं हसत होत्या.

"ओ काकू, कडू कुठंयत?"

"काढली की मी. एकेकाचा देठ चाखला. सायबाला कडू वाळूक देऊन राहिली व्हय? घराण्याचं नाव घालवतीस का?"

"मला कडूच पाहिजे होती!"

"बाई गं, कडू कुणी मागून खातंय का?"

आजूबाजूची पोरं फिदीफिदी हसली. सर पुढच्या टेबलाकडं वळले. मागच्या वर्षीची मी असते तर टेबलाखाली गेले असते. पण मी सरळ त्यांच्या वाटेत उभी राहिले.

"सर, थांबा! काकू, किती काढली? कुठल्या दोऱ्याची?"

"लाल दोऱ्याची चौदा. पांढऱ्याचं एक. लालातली ही तीनच नीट निघाली."

सरांचा पेन थांबला. "पुरावा?"

"पुरावा कशाला? माझं तोंड अजून कडूजहर हाय."

"ती वाळकं कुठं आहेत?"

"म्हशीपुढं टाकली."

संपलं! माझं लातूर म्हशीच्या पोटात गेलं. तरी मी काकांना फोन लावला, स्पीकर सुरू केला.

"काका, म्हशीनं वाळकं खाल्ली?"

"कुठली खातीय! एक चावलं, थुंकलं, अन् माझ्याकडं अशी बघून राहिली जसं मीच इख घातलं. पांढऱ्या दोऱ्याची दोन मोडकी होती, ती मातर मिटक्या मारत खाल्ली."

सर इतके हसले की चष्मा पुसावा लागला. "कुणी खाऊ नये म्हणून झाड कडू होतं, असंच म्हणालीस ना? म्हशीला पटलेलं दिसतंय. पण मी चाखल्याशिवाय नंबर देणार नाही. तासाभरात आणायला सांग."

काका फटफटीवर पिशवी घेऊन आले. सरांनी लाल दोऱ्याचं एक वाळूक चावलं, आणि त्यांचे डोळे, नाक, मिशी सगळं एका बाजूला गेलं. मी टाळ्या वाजवत उड्या मारल्या. काकूंनी पदरात तोंड लपवलं.

"माफी करा सायेब, पोरगी येडी हाय!"

सर चूळ भरून आले, यादीत माझ्या नावापुढं 'लातूर' लिहिलं आणि म्हणाले, "चाखणाऱ्यांची नावं तक्त्यावर पाहिजेत. म्हशीचं नाव काय?"

काका गडबडले. "ती... म्हैसच हाय, सायेब."

"मग लिही, मनस्विनी: सिंधुताई आणि म्हैस."

"माझं आधी लिव हां," काकूंनी पदराआडून बजावलं.