कोठीवालीच्या हातचं

त्यांनी वाटी पुन्हा दूर सारली. या खेपेला जरा जोरातच. सूप हिंदकळलं आणि टेबलावरून ओघळत काठापर्यंत आलं. कोठीवाली चमचा हातात धरून तशीच बसून राहिली. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याने तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. रोखून, ओठ घट्ट मिटून.

काल संध्याकाळपासूनची ही चौथी वाटी.

"नाही खायचा तो," सोफ्यावरून धाकटी नणंद म्हणाली. मोबाइल तिच्या नाकाला टेकायचाच बाकी होता. "सगळं जग तुमच्या नावाने बोटं मोडतंय वहिनी, मग दादा काय वेगळा?"

जग म्हणजे मालिकेचे प्रेक्षक. शत्रूने वेढलेल्या एका प्राचीन नगरीची ती मालिका होती. त्यात ती नगरीचं धान्य मोजून वाटणारी म्हातारीचं काम करू लागली होती, आणि तेव्हापासून अख्खी इमारत तिला कोठीवालीच म्हणायची. कालच्या भागात एक पोर आईच्या मांडीवर भुकेने गेलं, आणि त्याच क्षणी कोठीवालीने पाठ फिरवून मूठभर धान्य लपवलं. भाग तिथेच संपला.

ते खुर्चीत बसून बघत होते. आजारपणात त्यांची माणसांची ओळख पुसली गेली होती. वर्षभर ते तिला नर्सच समजत. "सिस्टर, जरा खिडकी लावता का?" असं अदबीने म्हणत. काल मात्र ते ताडकन उठले. पडद्याकडे बोट, मग तिच्याकडे, पुन्हा पडद्याकडे. ओळखलं! आनंदाने तिला रडूच यायचं बाकी होतं. आणि मग जेवायला वाढलं, तर त्यांनी वाटी लोटून दिली.

"ऐका," नणंदेने वाचायला घेतलं. "'हिला तटावरून ढकला, मी दोर घेऊन येतो.' ढकलायला दोर कशाला हवाय मेल्याला? 'तीस वर्षं मालिका बघतेय, इतकी हलकट बाई बघितली नाही.' 'त्या काळात असली मापं नव्हती.' हा एक शहाणा. आणि हे बघा, 'हिच्या घरची माणसं हिच्या हातचं जेवतात तरी कशी?'"

वाचता वाचता तिची जीभ अडखळली. कोठीवाली उठली आणि फडक्याने टेबल पुसू लागली. पुसून झालेली जागाच पुन्हा पुसत राहिली.

संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सकाळी बजावलं होतं. मागच्या वेळी त्यांनी नळी उपटली म्हणून दोन्ही हात पलंगाला बांधून ठेवले होते. मनगटांवरचे वळ जायला महिना लागला होता. दवाखान्याची गाडी सहाला येणार होती. आता पावणेसहा वाजले होते.

तिने दिग्दर्शकाला फोन लावला.

"आजी! नुसता पाऊस पडतोय प्रतिक्रियांचा!" तो खुशीत होता. "पुढच्या आठवड्यात लोक तुम्हाला दगड मारणार. मऊ दगड आहेत, काळजी नको."

"ते असू दे. तिने ते धान्य कुणासाठी ठेवलं, ते सांग. घरी सांगायचंय मला."

"ते अजून लिहिलंच नाहीये. लोक काय म्हणतात ते बघून ठरवू."

तिने फोन खाली ठेवला.

"आणा इकडे," म्हणत नणंदेने वाटी घेतली. "लहानपणी माझ्या ताटातलं पळवून खायचा हा. दादा, आ कर."

त्यांनी बहिणीने पुढे ठेवलेली वाटीही सारली. ती टेबलावरून घसरत कोठीवालीपुढे येऊन थांबली.

"केलंय तुम्हीच ना. कळतं त्याला," नणंद हळूच म्हणाली. आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

कोठीवालीने खुर्ची ओढली आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा टेकवून बसली.

"अहो, ते खोटं होतं. धान्यसुद्धा प्लॅस्टिकचं होतं. मी कुणाचं काही घेतलं नाही हो. एवढे दोन घास खा, मग हवं ते बोला मला."

त्यांनी हात पुढे केला. मारतात की काय, असं वाटून नणंद अर्धी उठली. पण हात कोठीवालीच्या कमरेशी गेला. डाव्या बाजूला, जिथे ती पदर खोचायची.

"इथे," ते म्हणाले. "इथे लपवायचीस."

धान्य टोपलीत टाका, असं दिग्दर्शकाने सांगितलं होतं. हात आपसूक कमरेकडे गेला होता. दोघं नाटक कंपनीत असताना दौऱ्यांत ते रंगपटात असत. सगळ्यांचे चेहरे रंगवायचे, आणि खेळ संपल्यावर सगळ्यांचे पुसून द्यायचे. ते जेवायला येईपर्यंत पातेली घासायला गेलेली असत. मग ती कमरेचा रुमाल सोडून त्यांच्यापुढे ठेवायची. आत तिच्या वाटणीचं असे.

"काल बघितलं मी," ते म्हणाले. "तू वळून लपवलंस. तोंडात काही घातलं नाहीस."

"अहो..."

"मी जेवले, मी जेवले, म्हणायचीस. रोज."

नणंदेने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

त्यांनी दोन बोटांनी वाटी तिच्याकडे आणखी थोडी सरकवली. कालपासून प्रत्येक वेळी सरकवली होती, तशीच.

"आधी तू."

कोठीवालीने चमचा भरला. तो तिने तोंडात घेतला.

"गिळ," ते म्हणाले.

तिने गिळलं. ते वाकून तिच्या गळ्याकडे बघत होते. दुसरा चमचा ती सवयीने त्यांच्या तोंडाकडे नेऊ लागली, तर त्यांनी मान हलवली.

"निम्मं झालं की मला दे."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. नणंद डोळे पुसत, गाडी परत पाठवायला चपला न घालताच जिना उतरली. ती वर आली तेव्हा कोठीवाली अजून खातच होती, आणि ते वाटीत डोकावून बघत होते.