स्टँडवरचा आवाज

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. दुपारची लांब पल्ल्याची गाडी काही तांत्रिक कारणामुळे उशिरा सुटेल. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

माईकचे बटण बंद करून तिने डब्यातला उरलेला घास तोंडात टाकला. तांत्रिक कारण एवढेच, की ड्रायव्हर जेवायला म्हणून गेला होता आणि अजून उगवला नव्हता. पण काचेपलीकडे, बाकांवर चुळबुळ करणारी माणसे निवांत झाली होती. कुणी पिशव्या पुन्हा खाली ठेवल्या, कुणी पाय पसरले.

"काय आवाज आहे हो बाई तुमचा!" शेजारच्या टेबलावरचा कंट्रोलर म्हणाला. "हेच मी सांगायला गेलो तर लोक माझी गचांडी धरतील."

"मनाला लावून न घेता बोलायचं. लोकांना दिलगिरी ऐकायची असते. आपल्याला ती वाटायलाच हवी, असं कुठे आहे?"

खरे तर तिच्याकडे दोन आवाज होते. एक स्टँडवरचा: मऊ, धीमा, साखरेत घोळलेला. दुसरा घरचा, थोडा घोगरा आणि घाईचा. तो भाजीवाल्याला, नवऱ्याला आणि न उघडणाऱ्या बाटलीच्या झाकणाला पुरत असे. नवरा लांबच्या मार्गावर ड्रायव्हर होता. दोन दिवस घरी, चार दिवस रस्त्यावर. म्हणजे घर तिचे, आणि घरातल्या सासूबाईही तिच्याच.

कंबरेचे हाड मोडल्यापासून सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्याआधीच डोळे गेले होते. दुपारी समोरची शेजारीण डोकावून जाई, बाकी सारे सुनेवर. अंग पुसणे, कुशीवर वळवणे, भरवणे, चादरी बदलणे. "अशी सून दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही," असे शेजारीण जिन्यात भेटेल त्याला सांगत असे. ते ऐकायला तिला आवडे. इतके आवडे, की शेजारीण जिन्यात दिसली की हातातली औषधांची पिशवी ती आपोआप दुसऱ्या हातात, दिसेल अशी घेई.

त्या संध्याकाळी ती जिना चढून दाराशी आली, किल्ली काढली आणि थबकली. रोज किल्लीचा आवाज झाला की आतून खोकला सुरू होई. खोल, लांबलेला, पोटातून येणारा. आज आत काहीच नव्हते.

ती तशीच उभी राहिली. त्या शांततेत तिला एकदम हलके वाटले. खांद्यावरून कुणीतरी ओझे उतरवून घ्यावे तसे. सुटले, असा शब्द मनात आला. शब्दाच्या मागोमाग आणखी काय काय आले. खोलीची खिडकी सताड उघडता येईल. मुख्य कार्यालयात बदली मागता येईल. रात्रभर सलग झोप. आणि तेवढ्यात आतून खोकला आला.

तिला वाईट वाटले. तो खोकला ऐकून तिला चक्क वाईट वाटले.

ती आत गेली, नेहमीप्रमाणे आधी स्वयंपाकघरात. चहाचे आधण ठेवले. खोकला वाढत गेला तशी गॅस बारीक करून खोलीत आली.

"आलीस का गं? डोळा लागला होता माझा."

"हो आई. आले."

चहा झाला, अंग पुसून झाले. मग दोघींची रोजची प्रार्थना. सासूबाईंना उठून बसता येत नसे, म्हणून सून खुर्ची ओढून उशाशी बसे आणि दोघींच्या वतीने मोठ्याने बोले. तिने डोळे मिटले.

"हे सर्वज्ञ परमेश्वरा, तू सर्वांच्या मनातले जाणतोस. आमच्या आईंना आराम दे. त्यांना उदंड आयुष्य दे. त्यांची सेवा आमच्या हातून अशीच..."

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

"काय झालं? पाणी देऊ?"

"पाणी नको. हा तुझा स्टँडवरचा आवाज आहे."

"म्हणजे?"

"डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत. कंबर मोडायच्या आधी तुझ्याबरोबर स्टँडवर बसायचे ना मी, ते ऐकलंय सगळं. देवाला काय गाडीला उशीर होणार म्हणून सांगतेयस?"

सुनेला हसू यायला हवे होते. आले नाही.

"रोज अशीच बोलतेस," म्हातारी शांतपणे म्हणाली. "मी गप्प बसते. पण आज फारच गोड बोललीस. काहीतरी झालंय."

"काही नाही झालं, आई."

"बरं. मला नको सांगूस. त्याला सांग. पण घरच्या आवाजात सांग."

"त्याला सगळं ठाऊकच असतं ना? मग सांगायचं कशाला?"

"त्याला ठाऊक आहे गं. तुला कुठे ठाऊक आहे? तू स्वतःशीसुद्धा त्या काचेतूनच बोलतेस."

तिला उठून जाता आले असते. चहाची कपबशी विसळायची होती, तेवढे निमित्त पुरे होते. पण आता उठले तर हे असेच आयुष्यभर चालेल, या माउलीच्या उशाशी बसून आपण रोज खोटे बोलू आणि एक दिवस तिला खोटे बोलूनच निरोप देऊ, हे तिला लख्ख दिसले. त्याची तिला भीती वाटली.

"देवा," ती म्हणाली. आवाज घोगरा आला. "मी दमलेय. मला कंटाळा आलाय. आज दारात उभी होते, आतून खोकला ऐकू आला नाही, तर मला बरं वाटलं. मग आला, तर वाईट वाटलं. लोक मला चांगली म्हणतात आणि मी ते म्हणवून घेते. मी चांगली नाही."

पलंगाकडे बघायची तिची छाती होईना.

"झालं?" सासूबाईंनी विचारले.

"झालं."

"आता माझी पाळी." त्यांनी चाचपडत तिचे मनगट धरले. "देवा, ही आली की मी मुद्दाम जास्त खोकते. येतो तेवढाच खोकला खोकले तर ही आधी चहा ठेवायला जाते. हिनं आधी माझ्याकडे यावं म्हणून खोकते. ही दमलीय ते मला कळतं. तरी खोकते."

सुनेने वळून पाहिले. म्हातारीच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी उशीत चालले होते आणि तोंडावर चोरी पकडल्यासारखे हसू होते. मग सूनही हसली, रडली, आणि मनगट सोडवून न घेता तशीच बसून राहिली. गॅसवर काही ठेवलेले नव्हते, ते बरे झाले.

त्या दिवसापासून घरात सगळे गोडीगुलाबीने चालले, असे काही नाही. दोघी कुरकुरतच राहिल्या. प्रार्थना मात्र आखूड झाल्या, आणि कधीकधी ऐकवेनात इतक्या खऱ्या. "देवा, आज ही माझ्यावर ओरडली." "देवा, ओरडले, कारण यांनी मुद्दाम कप सांडला." "मुद्दाम नव्हे हो देवा, तुला माहीत आहे." दाराशी थबकणे थांबले नाही. आणि घरात शिरल्यावर आधी स्वयंपाकघरात जाण्याची तिची सवयही काही मोडली नाही. आधण ठेवल्याशिवाय तिला घरी आल्यासारखे वाटत नसे. सासूबाई खोकत राहिल्या.

थंडी सरता सरता एका सकाळी, सून त्यांचे केस विंचरत असताना, त्या गेल्या. विंचरणे पुरे झाल्यावरच तिच्या ते लक्षात आले.

सुट्टी संपवून ती कामावर आली, तेव्हा गाडीला उशीरच होता. तिने बटण दाबले. "प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल..." आणि पुढचे शब्द घरच्या आवाजात आले, घोगरे, जरासे अडखळत. बाकांवरच्या माणसांनी माना वर केल्या.

"माईक बिघडला का?" कंट्रोलरने विचारले.

"नाही. माईक ठीक आहे."

संध्याकाळी ती जिना चढून वर आली. किल्ली हातात घेऊन सवयीने थांबली, ऐकले. आत काहीच नव्हते. ती वाट बघत राहिली.

"देवा, आज हलकं नाही वाटलं," ती हळूच म्हणाली. "तुला ठाऊकच आहे."

मग तिने दार उघडले, चपला काढल्या, आणि स्वयंपाकघराकडे न वळता ती आधी त्या खोलीत गेली.