ऑर्लेनाचा डावा हात

"उजव्या हाताबद्दल आमची तक्रार नाही," चर्चचे कारभारी डीकन क्रंप म्हणाले. "पण डावा पियानोला लागता कामा नये."

ऑर्लेना टिब्जनं डावा हात मांडीखाली दाबला. तिथंही त्याची चुळबुळ चालूच होती. सेंट लुईसच्या त्या चर्चच्या तळघरात तळलेल्या कोंबडीचा वास सुटला होता, आणि वर तिच्या आईची शवपेटी येऊन थांबली होती.

तो हात बदनाम होता. पियानोच्या खालच्या पट्ट्यांवर तो आगगाडीसारखा धावायचा. बूगी-वूगी म्हणतात ते. असं वाजवणारी बाई तिच्याआधी रेकॉर्डवर कुणी ऐकलीच नव्हती. शिकागोत रेकॉर्डिंगच्या वेळी कंपनीच्या साहेबानं पियानोमागं कुणी पुरुष लपलाय का, हे वाकून पाहिलं होतं. एकोणीस वर्षांत ऑर्लेना बावीस शहरांत राहिली, पण तिची बॅग कुठंच तळापर्यंत रिकामी झाली नाही. चर्चनं मात्र तिला एकदाच काढलं होतं. भजनाच्या खाली हाच हात घुसवला म्हणून.

"आईला मीच वाजवून पोचवणार," ती म्हणाली. "एका हातानं तर एका हातानं."

"मग दुसरा मी धरून बसतो."

"तुम्ही?" डीकनांची बायको ऑटी म्हणाली. "तासभर परक्या बाईचा हात? देवासमोर? माझ्यासमोर?"

ठरावात तिथल्या तिथं दुरुस्ती झाली. हात ऑटी धरणार.

वर पियानोच्या बाकावर दोघी खेटून बसल्या. ऑटीनं तो हात जिवंत मासा धरावा तसा दोन्ही हातांनी आवळला. उजव्या हातानं भजन सुरू केलं. एक चाक निखळलेल्या गाडीसारखं ते कलत कलत निघालं.

"किती वळवळतोय गं हा!" ऑटी कुजबुजली. "सांग की त्याला काहीतरी."

"माझं ऐकत असता तर मी नर्स नसते झाले?"

"खरं सांग, हे तुला सैतानानं शिकवलं ना?"

"आईनं. ती फळीवर लोकांचे कपडे घासायची, मी टबाला टेकून बसायची. दिवसभर तीच घासघास कानांत."

ऑटीनं शवपेटीकडं पाहिलं. मग तिला एकाएकी रुमाल काढायची गरज पडली, आणि त्यासाठी दोन्ही हात लागले.

डावा हात पट्ट्यांवर उतरला. घास घास, घास घास, आपट. घास घास, घास घास, आपट.

"अगं बाई, ही तर लव्हिनियामावशी!" मागून कुणीतरी म्हणालं. अर्ध्या गल्लीचे कपडे ऑर्लेनाच्या आईनं, लव्हिनियानं, धुतले होते. बाकांखाली पाय हलू लागले.

डीकन क्रंप ताडकन उठले. बोट वर केलं, तोंड उघडलं, आणि कॉलर गळ्याला रुतली. पांढरीशुभ्र, कडक, मरायच्या आदल्या दिवशी लव्हिनियानंच खळ घालून इस्त्री केलेली.

वर गेलेलं बोट त्यांनी कॉलरवरून हळूच फिरवलं. मग ती चुरगळू नये म्हणून मान जराही न वळवता ते खाली बसले.