आप्पांची ओवी आणि आम्ही तिघी

मित्रांनो, शिरूरच्या बाजारात मुजीबभाईंचा फोटो स्टुडिओ आहे, तिथल्या कॉम्प्युटरमधली मी जुनी हार्डडिस्क. हळदी, लग्नं, जावळं, सगळं शूटिंग माझ्या पोटात.

माझ्या एकटीच्या नाही म्हणा. आम्ही तिघी होतो. मुजीबभाईंनी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून तिघींना एकत्र जोडलं. काही आलं की त्याचे तुकडे व्हायचे. एक एकीकडं, पुढचा दुसरीकडं, आणि तिसरीकडं त्या दोघांची बेरीज. एखादी बंद पडली तरी उरलेल्या दोघी हिशोब करून तिचं परत काढून देणार. दोघी गेल्या तर मात्र संपलं.

खंडेनवमीला भाईंचा पार्टनर बिरदेव, कवठे येमाईचा, त्यानं आम्हाला कॉम्प्युटरच्या डब्यातून बाहेर काढलं. पुसलं. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं.

"नटली बघा भाई. आता हिचं लगीनच लावू."

"फूल पंख्यात गेलं तर आधी तुझं लावीन, बिऱ्या!"

लई छान वाटलं. एवढ्या मायेनं कोण पुसतंय आम्हाला?

पण परत बसवताना तिसरीची वायर नीट बसलीच नाही. स्क्रीनवर इशारा आला. समोर गिऱ्हाईक उभं होतं, भाईंनी इशारा न वाचताच बंद केला. दोघींवर काम चालत राहिलं, म्हणून कुणाला कळलं नाही. मला कळत होतं. पण मला तोंड कुठंय?

त्या थंडीत बिरदेवच्या बहिणीची, धनश्रीची हळद झाली. त्यांचे वडील, हरिबाआप्पा, मांडवात उभे राहून धनगरी ओवी गायले. लेकीसाठी स्वतः जुळवलेली. कुठं लिहिलेली नाही, दुसऱ्या कुणाला येत नाही. मुजीबभाईंनी नुसत्या आवाजाची वेगळी फाईल केली, आमच्यावर टाकली, आणि रेकॉर्डरचं कार्ड पुढच्या लग्नासाठी पुसून घेतलं. आम्ही तिघी होतो ना. भरवसा होता.

उन्हाळ्यात आप्पांना लकवा झाला. वाचा गेली.

बिरदेव दुकानात आला. "भाई, ती ओवी द्या. आप्पांना ऐकवतो."

भाईंनी फाईल उघडली, आणि माझी शेजारीण, दुसरी डिस्क, टकटक करायला लागली. मग गप्प.

"घाबरू नगं, तिघी हायेत," म्हणत भाईंनी डबा उघडला. तिसरीची वायर लोंबत होती. तिच्याकडं खंडेनवमीपर्यंतचंच होतं. हळद तर त्यानंतरची.

"वायर म्या बसवली व्हती," बिरदेव म्हणाला.

"आन् इशारा म्या बंद केला," भाई म्हणाले.

भाईंनी आम्हा तिघींना फडक्यात गुंडाळलं, बिरदेवनं गाडी काढली.

दौंडला भाईंचा मावसभाऊ शाकीर, बंद डिस्कमधला डेटा काढायचं काम करतो. त्यानं आधी माझी नक्कल काढून ठेवली. शेजारणीला पुण्याच्या लॅबला पाठवलं. आतल्या तबकड्याच खरवडल्यात, असा निरोप घेऊन ती परत आली. राहिले माझे तुकडे. मी पडून पडून सगळं ऐकत होते. मनात म्हणायचे, आठव की गं, आठव! पण शेजारणीचं मला कसं आठवणार?

माझ्यातलं काढलेलं ऐकायला आप्पाही आले. खुणेनंच हट्ट करून गाडीत बसले होते.

"आप्पा, घावलं तेवढंच लावतो हां. मधी मधी गॅप हाय," शाकीर हळूच म्हणाला.

स्पीकरमधून आवाज आला. खणखणीत. "घोडनदीच्या पान्यावानी गं..." आणि शांतता. माझ्याकडं पुढचं नव्हतंच. मग, "...लेकीच्या पायाला..." परत शांतता.

शांतता आली की आप्पांचे ओठ हलायचे. मधले शब्द त्यांना पाठ होते. बिरदेवनं कान त्यांच्या तोंडाशी नेला. "आप्पा, काय? परत म्हना की. थोडं जोरात म्हना." ओठ परत हलले. नुसता श्वास बाहेर आला.

मित्रांनो, आमची पूजा करा, फूलही वाहा. पण परत बसवल्यावर स्क्रीन काय सांगतीय ते वाचा, गिऱ्हाईक थांबेल. आणि जिवाभावाचं असेल ते एकाच डब्यात ठेवू नका. आम्ही तिघी होतो, पण डबा एकच होता. आम्हाला पुसणारे हातही एकच.

आप्पा बोटानं खुणावतात, परत लाव. शाकीर परत लावतो.

तेवढंच येतं.