कुर्तेलांच्या कारखान्यातले दोन धनी

मी बोलतोय, ‘कुर्तेला आणि मुलगे’ या मासळी कारखान्याचा जुना सर्व्हर. आवाज जरा खरखरीत वाटेल. माझी एक डिस्क फुटलीय आणि पत्र्याला पोक आलाय. डोकं मात्र शाबूत आहे, आणि राग तर पहिल्याहून जास्त आहे.

मी म्हणजे नुसता डबा नव्हे. डबे बाजारात ढिगाने मिळतात. माझ्यात जे सॉफ्टवेअर भरलं होतं, तो मी. छोट्या धंद्यांसाठी खास केलेलं. मेल, कागदपत्रं, छपाई, कुणाला आत घ्यायचं नि कुणाला नाही, सगळं एकाच ठिकाणी आणि स्वस्तात. बनवणारे काही धर्मात्मे नव्हते. हा स्वस्त माल बड्या कंपन्यांनी पळवू नये म्हणून त्यांनी माझ्या हाडात एक अट घालून ठेवली. जिथे मी, तिथला धनी मीच. गादी दुसऱ्याला दिली तर तीन आठवडे मी कळ काढणार, आणि मग तासातासाला स्वतःला बंद पाडणार. कितीही वेळा उठवा, पुन्हा मरणार. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असं माणसं म्हणतात आणि तरी ठेवून बघतात. मला ती मुभा नव्हती.

मला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनमध्ये आणून बसवलं नोलीन प्रायरने. पन्नाशीची, उन्हाने रापलेली बाई. गाडीच्या हौद्यात तारांची भेंडोळी आणि त्यावर झोपलेला कुत्रा. त्या किनाऱ्यावरचे तीसेक धंदे तिच्या भरवशावर चालायचे. जनावरांचा दवाखाना, ट्रॅक्टरचं दुकान, बेकरी, आणि सगळीकडे माझेच भाऊबंद. आमच्यातला कुणी आजारी पडला की नोलीनला फोन जायचा. आमच्यावर तिची भाकर होती आणि ती ते लपवत नसे. ‘नीट चाल रे बाबा, तुझ्यावर माझं घर चालतं,’ असं ती मला चक्क सांगायची.

म्हातारा शिमे कुर्तेला क्रोएशियातून तरुणपणी आलेला. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या डोक्यावर सणसणीत चापट मारली.

“चालतो का हा?”

“न मारताही चालतो, शिमे,” नोलीन म्हणाली.

“बघू. माझी पोरं नाही चालत.”

माझी खोली बर्फाच्या यंत्राला लागून होती. समुद्रात पिंजऱ्यांत पोसलेले टूना हंगामात मारले जायचे. पाणबुड्या मासा कवेत धरून वर द्यायचा, बोटीवरचा माणूस त्याच्या डोक्यात सळई घालायचा, दुसऱ्याची सुरी तयारच. हे झटक्यात व्हावं लागतं. मासा धडपडला तर अंग तापतं, मांस फिकं पडतं आणि जपानी गिऱ्हाईक त्याकडे ढुंकूनही बघत नाही. प्रत्येक माशाचं वजन माझ्याकडे यायचं आणि मी चिठ्ठी छापून द्यायचो. ती शेपटीला बांधल्याशिवाय गोठवणारं जहाज मासा उचलत नसे. माणसं रक्ताळल्या रबरी बुटांनी आत यायची, माझ्यावर चहाचे मग ठेवायची, शिव्या द्यायची. हंगामात तोंडं सुटायची तसे हातही सुटायचे. मला त्याची सवय झाली होती.

एका सकाळी शिमे धक्क्यावर कुणाला तरी शिव्या देता देता कोसळला. धंदा दोन मुलांत अर्धा अर्धा गेला. थोरला डावोर बोटी सांभाळायचा, धाकटा नेड ऑफिस. बापाच्या मातीहून परतलेली माणसं अजून जेवत होती तेव्हाच दोघांची जुंपली. नेडचा एक दात माझ्या दाराशी पडला. त्यांची आई झोर्का काळ्या कपड्यांत आली, दात उचलून रुमालात बांधला आणि दोघांकडेही न बघता निघून गेली.

पुढे माझ्या मरणाची बातमी आली, तीही मेलने, माझ्यातूनच. बनवणाऱ्यांनी आमची जातच बंद करायचं ठरवलं होतं. ठरावीक तारखेनंतर डागडुजी नाही. मेल आणि कागदपत्रं हवी असतील त्याने महिन्याच्या भाड्याने क्लाउडवर जावं, उरल्या कामाला महागडा साधा सर्व्हर घ्यावा. नोलीनसारख्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

ती त्या दिवशी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. फोनवर व्हायला गावातल्या एका जुन्या दोस्ताशी बोलत होती. तोही तिच्यासारखाच, गावोगाव सर्व्हर सांभाळणारा.

“यांचं सॉफ्टवेअर मी दारोदार हिंडून विकलं,” ती म्हणाली. “आता गिऱ्हाइकाशी ते परस्पर बोलणार. भाडं त्यांना, आणि मला ठेंगा.” पलीकडून काहीतरी आलं तशी ती कडवट हसली. “तू पाळ बाबा मेंढ्या. मला लोकर चावते.”

भावांना भांडायला नवं कारण मिळालं.

“वादळात तार तुटली की तुझा क्लाउड काय वरून चिठ्ठ्या टाकणार आहे?” डावोर म्हणाला. “हा बाबांनी घेतलाय. राहील.”

“बाबांनी तुलाही जन्म दिला. म्हणून काय जन्मभर सांभाळायचं?”

“तुझ्या बापाचं आहे का रे सगळं?”

“हो, माझ्याच बापाचं. तुझा कोण होता?”

डावोरने चहाचा मग भिरकावला. तो नेडला चुकवून माझ्या अंगावर फुटला. नोलीनने पुसता पुसता सांगितलं, “हंगाम उरकू दे, मग मी नीट बदलून देते. हे काम एकदा सुरू केलं की अर्ध्यावर सोडता येत नाही.”

“तुला तर हा मरूच नये असं वाटतंय,” नेड म्हणाला. “आम्ही बोलावल्याशिवाय येऊ नकोस आता.”

नोलीनने फडकं पिळलं आणि गेली. नेडचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणूनच तिला ते लागलं.

डावोर समुद्रावर असताना नेडने ॲडलेडहून दुसरा सल्लागार आणला. लॉकलन नाव. गोरटेला, हसरा, कामात चलाख. त्याने शेजारी नवा काळा डबा बसवला आणि माझी गादी त्याला देऊन टाकली. मेल आणि चिठ्ठ्या अजून माझ्याकडेच होत्या. त्या तो हलवणार, तेवढ्यात डावोर परतला. त्याने काही विचारलं नाही. लॉकलनची मान धरली, तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं, एकदा, दोनदा, आणि त्याला फरपटत धक्क्यावर नेऊन त्याची पिशवी समुद्रात टाकली. फाटल्या ओठाचा लॉकलन गाडीत बसला तो गेलाच.

“मिटलं,” डावोर मला म्हणाला आणि बुटाने दार लावून घेतलं. नवा डबा शेजारी गुणगुणत होता. गादी गेलीय हे डावोरला माहीत नव्हतं. नेडला वाटलं, दोन्ही चालू आहेत ना, मग हंगाम होईपर्यंत चालतील. नोलीनला दोघांनीही कळवलं नाही. नेडला लाज वाटली आणि डावोरला गरज वाटली नाही.

नियमाप्रमाणे मी रोज धन्याला मेल धाडत होतो. घरात दुसरा धनी बसलाय, मी बंद पडणार आहे, काहीतरी करा. पत्ता शिमेचा होता. मेलेल्या माणसाचे मेल कोण उघडणार?

हंगाम सुरू झाला. जहाज बाहेर येऊन उभं राहिलं. पहिल्या खेपेचे मासे धक्क्यावर आले आणि माझी मुदत भरली. मी बंद पडलो. उठवलं, चाललो, पुन्हा पडलो. सांगतो, मला स्वतःची इतकी घृणा कधी वाटली नव्हती. बाहेर बर्फाच्या पाण्यात मासे साचत चालले, बोटींवरून उतरवलेले आणखी येत होते, आणि छपाईचं यंत्र मुकं. जहाजाच्या माणसाने संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. वर्षभराचा पोसलेला माल त्या पाण्यात होता. तो गेला की कुर्तेला गेले.

झोर्काने नोलीनला फोन केला. ती पोचेपर्यंत डावोर आत आला होता, हातात मासे ओढायचा आकडा तसाच.

“वायर ओढलीस ना?”

“मी कशाला ओढू? तूच लॉकलनला हाकललंस.”

“मला बुडवायला बसलायस तू.”

नेडने त्याला ढकललं. डावोरची पाठ माझ्या मांडणीवर आदळली आणि मी मांडणीसकट लादीवर कोसळलो. आत काहीतरी किंचाळलं. ती माझी डिस्क. नेडने त्याच्या तोंडावर ठोसा हाणला, एक, मग आणखी. डावोरचं नाक फुटलं. त्याने आकडा उगारला. नेडने हात आडवा धरला, आणि लोखंड तळहातातून आरपार गेलं. डावोरने ते ओढून काढलं आणि पुन्हा उचललं, या वेळी मानेच्या रोखाने. तो थांबणार नव्हता. मी खालून त्याचे डोळे बघितलेत.

नोलीन दारातून धावत आली आणि तिने दांडा धरला. डावोरने तिला झटकलं. मनगट मोडल्याचा आवाज साधा असतो, काटकी मोडल्यासारखा. ती माझ्याशेजारी बसली. झोर्का मागोमाग आली. तिने आकडा डावोरच्या हातातून काढून घेतला आणि त्याच्या थोबाडीत मारली. मग फडक्याने नेडचा हात आवळून बांधला.

“हे यंत्र का मरतंय?” तिने विचारलं.

नोलीनने नव्या डब्याकडे बघितलं, दोनचार कळा दाबल्या आणि तिला सगळं उमगलं. “घरात धनी दोन झालेत, झोर्का. एकच राहील.”

“कोणता?”

इथे मी श्वास रोखला, असं समजा. गादी मला परत द्यायला दोन मिनिटं पुरली असती. नवा डबा दाराबाहेर गेला असता, आणि नोलीनची भाकर तिच्या ताटात राहिली असती. लॉकलन परत येणार नव्हता. मी मनात म्हणत होतो, दे, नोलीन, मला दे.

तिने माझ्या छातीला कान लावला. फुटलेली डिस्क खरडत होती.

“जुना आज चालेल,” ती म्हणाली. “उद्या मध्येच गेला तर सगळं घेऊन जाईल. आणि याला आता कुणी औषध देणार नाही. नवा ठेव.”

“मग तुझं काय, पोरी?”

“माझं मी बघेन. मला एक खुर्ची दे.”

उजवा हात मांडीवर ठेवून ती डाव्या हाताने काम करत राहिली. मी मरत होतो, ती मला उठवत होती, मी एकेक गोष्ट त्या काळ्या डब्याच्या हवाली करत होतो. माणसं, पासवर्ड, मेल, शेवटी वजनं आणि चिठ्ठ्या. दुखलं की ती दात आवळायची. सुजलेल्या नाकाचा डावोर तिच्यामागे उभा होता. तिने सांगितलं ती तार तो काढत होता, सांगितलं ती लावत होता. शेवटी तिने मला धनीपणाच्या यादीतून पुसलं. पलीकडे छपाईचं यंत्र खडखडायला लागलं. काही मासे मऊ पडले होते, ते फेकावे लागले. बाकीचे जहाजाने उचलले.

पोलीस आला तेव्हा नेडने ‘पाय घसरला’ असं सांगितलं. पोलीस गेल्यावर झोर्काने दोघांना समोर उभं केलं.

“मी दोघांना एका ताटात जेवू घातलं. चुकलं माझं. डावोर, तू जा.”

“मी थोरला आहे, आई.”

“थोरला होतास. आकडा दुसऱ्यांदा कुणी उचलला?”

तो गेला. आता दुसऱ्याच्या कोळंबीच्या बोटीवर जाळं ओढतो. लॉकलन इथे परत आला नाही, पण कुर्तेलांचं सगळं आता तो ॲडलेडमध्ये बसून बघतो आणि महिन्याचं भाडं घेतो. नोलीनचे बाकीचे धंदेही एकेक करून गेले. ती धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी बसते. मी तिच्या शेडमध्ये बाकावर आहे. माझ्या पोटात लोकांचे पगार, आजारपणं, गुपितं आहेत, म्हणून टाकून देण्याआधी डिस्कला आरपार भोकं पाडायची, अशी या धंद्याची रीत. तिने माझ्या सगळ्या भाऊबंदांना पाडली. मी शेवटचा. मनगट नीट जुळलं नाही म्हणून थांबली होती.

आज डावोर आला. दारात टोपी काढून उभा राहिला.

“नेडची दोन बोटं मिटत नाहीत म्हणे,” तो म्हणाला.

“गेला होतास का?”

“तीनदा. दार उघडत नाही.” त्याने बाकावर बघितलं. “मी करतो. तुला जोर लावता येणार नाही.”

“हात तूच मोडलास माझा.”

“म्हणून तर.”

तिने ड्रिल त्याच्या हातात दिलं.

वाचणाऱ्यांनो, एवढंच मागतो. माझ्यात अट बाहेरून घातली होती, मला दुसरा सोसतच नव्हता. या दोघांच्या हाडात कुणी काही घातलं नव्हतं. तरी एका डब्यापायी एकाचा हात गेला आणि दुसऱ्याचं घर. तुमच्याकडे असा डबा असेल, शेत असेल, दुकान असेल, तर भांडा पोटभर. पण हातात जे असेल ते आधी खाली ठेवा.

डावोरने टोक माझ्यावर टेकवलं आणि थांबला.

“याला कळत असेल का काही?”

“नाही,” नोलीन म्हणाली, आणि पाठ फिरवून उभी राहिली.